दहा व्होल्टांची सपाट रेघ

चतुर्थीला घरी डिचोलीला गेले होते, तेव्हा काकांनी विचारलं, "काय गं, तिकडे नेमकं करतेस तरी काय?" म्हटलं, "सोन्याची तार सोन्यावर टेकवते आणि उचलते. रात्रीत चार-पाच हजार वेळा." काका गणपतीवरच्या माटोळीकडे बघत गप्प बसले.

खोटं नव्हतं ते. सोन्याचं टोक सोन्याच्या पातळ थरात रुतवायचं आणि हळूहळू मागे ओढायचं. मधली मान बारीक होत होत शेवटी एका अणूवर येते. तेव्हा वाहकता भरते १ जी-नॉट (वाहकतेचं निसर्गानेच ठरवलेलं माप), म्हणजे सुमारे ७७.५ मायक्रोसिमेन्स; रोधात सांगायचं तर १२.९ किलोओहम. आणखी ओढलं की सोनं तुटतं. आजूबाजूच्या द्रावणात बायपिरिडीन हे सेंद्रिय रसायन असेल तर त्याचा एखादा रेणू दोन्ही टोकांच्या नायट्रोजननी सोनं धरून त्या फटीत अडकतो आणि उतरत्या आलेखात एक छोटी पायरी दिसते. शू आणि ताओ या संशोधकांनी २००३ मध्ये हेच हजारो वेळा करून ती पायरी ०.०१ जी-नॉटपाशी असल्याचं दाखवलं. मला तेवढंच पुन्हा करून दाखवायचं होतं.

खरं तर मला उष्णता मोजायची होती. कार्बनची साखळी लांबवली की वीज झपाट्याने घटते, एकेका कार्बनमागे अडीच-तीन पटीने. उष्णता मात्र जवळपास तेवढीच वाहते, कारण तिथे ती इलेक्ट्रॉन नेत नाहीत, रेणूची थरथर नेते. एका रेणूतून दर केल्व्हिनला साधारण २० पिकोवॉट. हे २०१९ मध्ये मोजलं गेलं, तेही कडक निर्वातात, टोकातच तापमापक बसवलेल्या सुईने. माझ्या गाइड मॅडमना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी करंट नीट मोज."

तारेवरून घरी वेगळाच गोंधळ. आई म्हणाली, "एवढी महाग तार बाहेरून कशाला मागवता? आपल्या शेटाकडे मिळते की!" दागिन्याच्या बावीस कॅरटमध्ये तांबं-चांदी असते, आम्हाला ९९.९९ टक्के लागतं, हे समजावताना चहा निवला. बाकी ती तार आम्ही साध्या कात्रीने तिरकी कापतो, हे तिला सांगितलं नाही.

पावसाळ्यात दिवसा मोजणं जमतच नाही. एसी लावला की यंत्र थरथरतं, बंद केला की दमट हवेने जीव जातो. मग रात्री एसी बंद, पंखा बंद, द्रावकाचा, म्हणजे ट्रायक्लोरोबेंझीनचा वास आणि बाहेर बेडकं. दोनदा वीज गेली, दोन रात्री फुकट.

तिसऱ्या आठवड्यात हिस्टोग्रामवर, म्हणजे कोणती वाहकता किती वेळा दिसली त्या आलेखावर, शिखर उभं राहिलं. ०.०१३ जी-नॉट! इतकं टोकदार की मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सकाळी मॅडमनी एक ट्रेस, म्हणजे एका ओढीचा आलेख, मोठा करून बघितला. पायरी पट्टीने आखल्यासारखी होती. "रेणू इतका शहाण्यासारखा बसत नाही गं. आणि तुझा १ जी-नॉट कुठाय?"

मी गप्प. "नुसतं द्रावक घेऊन चालवलंस?" चालवलं नव्हतं. त्या रात्री चालवलं. रेणू एकही नाही, आणि शिखर जागच्या जागी.

मग कागदावर हिशेब केला. करंट व्होल्टमध्ये दाखवणाऱ्या अॅम्प्लिफायरचा गेन दर अँपिअरला दहाचा आठवा घात व्होल्ट, आणि तो दहा व्होल्टांच्या वर जात नाही. म्हणजे करंट १०० नॅनोअँपिअरला अडकणार. मी दिलेले १०० मिलिव्होल्ट. भागाकार केला तर १ मायक्रोसिमेन्स, म्हणजेच ०.०१३ जी-नॉट. तीन आठवडे मी अॅम्प्लिफायरची कमाल मर्यादा मोजत होते, आणि ती नेमकी बायपिरिडीनच्या शेजारी येऊन बसली होती. दुसरीकडे कुठे असती तर पहिल्याच रात्री संशय आला असता.

गेन शंभर पटीने कमी केला. आता १ जी-नॉटला पावणेआठ व्होल्ट यायचे होते, आणि आले. नुसत्या द्रावकात त्याच्या खाली काहीच नाही. बायपिरिडीन टाकल्यावर ०.०१ च्या आसपास एक पसरट, वेडावाकडा उंचवटा. माझ्या जुन्या शिखरापुढे अगदीच गरीब.

जागा इतकी जवळची की मॅडमचा विश्वास बसेना. "व्होल्टेज निम्मं कर." जुनं खोटं शिखर असतं तर ते दुपटीवर, ०.०२६ ला सरकलं असतं. ५० मिलिव्होल्टवर पुन्हा दोन हजार ट्रेस घेतले. पहाटे साडेतीनला आलेख उघडला. उंचवटा हलला नव्हता.

कँटीन बंद होतं. डब्यात आईने दिलेल्या चार नेवऱ्या होत्या, त्या तिथेच दारात उभ्या उभ्या खाल्ल्या.