दोन समीकरणं, दोन अज्ञात गोष्टी

एकसामयिक समीकरणं, म्हणजे दोन अज्ञात संख्या ज्यांतून एकत्र शोधायच्या अशी दोन समीकरणं, सोडवणं सोपं असतं, खरं अवघड असतं ते शब्दांतून समीकरण उभं करणं, आणि बहुतेक मुलं तिथंच अडकतात असं मला वाटतं. उदाहरण घ्या, २०% आणि ५०% अ‍ॅसिडची दोन द्रावणं आहेत आणि आपल्याला ३०% चं ३० लिटर हवंय. पहिल्याचे क्ष आणि दुसऱ्याचे य लिटर धरले की पहिलं समीकरण लगेच मिळतं, क्ष + य = ३०. दुसरं कुठून आणायचं? तर शुद्ध अ‍ॅसिड किती ते मोजायचं, पाणी विसरून जायचं! ३० लिटरचे ३०% म्हणजे ९ लिटर, म्हणून ०.२क्ष + ०.५य = ९, म्हणजे य = १० आणि क्ष = २०. उत्तर परत मूळ गोष्टीत घालून बघा बरं का, २०चे ४ आणि १०चे ५, झाले ९.

आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे एकच एक उत्तर न मिळणं. आलेखावर प्रत्येक समीकरणाची एक रेषा येते आणि त्या जिथं छेदतात ते उत्तर; त्या दोन रेषा समांतर निघाल्या तर दिलेली माहितीच एकमेकींच्या विरुद्ध आहे, आणि एकावर एक पडल्या तर तीच माहिती आपल्याला दोनदा सांगितलीये, म्हणजे अजून काहीतरी विचारायला हवं.