उभं राहता आलं, आता बसायचं कुणी शिकवायचं?

मूल उभं राहिलं की घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. लगेच व्हिडीओ, लगेच फॅमिली ग्रुप, आत्याचे बदामच बदाम. पण उभं राहिल्यावर पुढे काय करायचं हे बाळालाही माहीत नसतं आणि आपल्यालाही नसतं. आमच्या ठकीचं (खरं नाव वेगळं, पण घरात ठकीच) अगदी हेच झालं. टीपॉयला धरून ऐटीत उभी राहायची, पाय लटलट कापतायत पण चेहरा असा की सरपंचपदाची निवडणूक जिंकलीये, आणि मग जरा वेळाने पाय भरून आले की जे भोकाड पसरायची ते विचारू नका. कारण वर चढता येत होतं, खाली उतरायचं कसं ते काही येत नव्हतं. मग दोनच पर्याय, कुणीतरी येऊन सोडवायचं नाहीतर हात सोडून द्यायचे आणि धप्पकन जे होईल ते होईल.

रात्रीचं तर अजून भारी. अडीच वाजता बारीक कुईकुई ऐकू येते म्हणून बघावं तर बाईसाहेब अर्धवट झोपेत पलंगाच्या कठड्याला धरून उभ्या, डोळे मिटलेले, आणि रडतायत कारण परत आडवं व्हायचं कसं? दिवसा जे नवीन शिकतात त्याची रात्री पण प्रॅक्टिस चालते असं ऐकलं होतं, आमच्याकडे ती फुल आवाजात चालायची.

विचार केला तर त्यात अवघड काय आहे ते कळतं. उठताना हातांनी ओढून घेता येतं, बसताना मात्र मांड्यांनी सगळं वजन हळूहळू सोडायचं असतं आणि गुडघे वाकवताना पण तोल सांभाळायचा असतो. ती ताकद नंतर येते. आम्ही एक केलं, ती दिवाणाला धरून उभी असली की तिच्या पायापाशी, थोडी बाजूला, स्टीलची वाटी आणि चमचा ठेवायचा. (महागडी खेळणी ठेवून बघितली, त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही.) मग ती एक हात दिवाणावर ठेवून दुसऱ्या हाताने वाटीकडे झेपावायची, गुडघे थोडे वाकायचे, परत सरळ, परत वाकायचे, ढुंगण हवेत लोंबकळतंय, आणि शेवटी डायपरवर मऊ धप्प. वाटी हातात. ते एकदा जमल्यावर रात्रीचं रडणंही कमी झालं, निदान त्या कारणाचं तरी.

नवऱ्याने एक दिवस जेवताना माहिती काढली की न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं नुसतं निरीक्षण केलं तर मुलं तासाला सरासरी २३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. तासाला सतरा! मला ऐकून जरा बरंच वाटलं, म्हणजे आमच्याच घरात काही बिघडलेलं नाहीये. सासूबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, तू लहानपणी किती पडायचास ते मोजायला कुणाला वेळ होता, पडे झडे माल वाढे. विषय संपला.

बरं त्यातली बहुतेक पडणी कसली असतात, नुसती बसकण. तीच मुलं, उंची जेमतेम पाऊण मीटर, खाली डायपरची गादी, लागणार किती? खरी अडचण डोक्याची असते. आपलं डोकं उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असतं, जन्मलेल्या बाळाचं चौथा, आणि वर्षाच्या मुलाचं पण अजून वरतीच जड असतं, त्यामुळे तोल गेला की डोकं पुढारी. पुढे पडताना हात आपोआप पुढे टेकायची सवय सातव्या-आठव्या महिन्याच्या आसपास येते, मागे हात टेकायचं मात्र सगळ्यात शेवटी जमतं. म्हणून उभं राहायला शिकताना मुलं मागच्या मागे कोसळतात तेव्हा सरळ टाळकंच आपटतं. त्या काळात मी ठकीच्या मागे सतरंजीची जाड घडी ठेवायचे, बाकी काही नाही.

आता टेंगळाबद्दल, कारण फोनवर मैत्रिणी हेच विचारतात. कपाळावरचं टेंगूळ बघता बघता लिंबाएवढं होतं आणि आपला जीव जातो, पण तिथे कातडीखाली लगेच हाड आणि रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे ते दिसतं भयंकर. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला फार उपयोगी पडलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलांत कपाळावरच्या टेंगळापेक्षा कानाच्या वरच्या बाजूला किंवा मागे आलेली सूज, त्यातही मऊ लिबलिबीत लागणारी, जास्त गंभीरपणे घ्यायची. आणि उंचीपण बघायची, स्वतःच्या पायावरून पडली तर वेगळं, पलंगावरून ओट्यावरून म्हणजे साधारण तीन फुटांच्या वरून पडली तर वेगळं. मूल बेशुद्ध झालं, परत परत उलट्या, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, उठवून उठत नाही इतकी गुंगी, किंवा कशानेच शांत होत नाही, रोजच्यासारखं वागतच नाहीये, तर दृष्टबिष्ट नंतर काढा, आधी हॉस्पिटल गाठा. साध्या टेंगळाला फडक्यात बर्फ गुंडाळून धरायचा, तोही ठकी धरू देईल तेवढाच, म्हणजे फार नाहीच. आणि प्लीज ते चोळू नका. आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस अंगठ्याने टेंगूळ दाबून बसवायला बघतं. बसत नाही ते, पोरीला दुखतं फक्त.

एकदा मात्र माझे हातपाय गळाले होते. टीपॉयला धरून उभी होती, हात सुटला आणि तोंड कडेवर आपटलं. क्षणात हनुवटी, झबलं, माझा दुपट्टा सगळं लाल. दात पडला की काय म्हणून बघायला गेले तर दात चारही जागेवर, वरच्या ओठाच्या आत मधोमध जी बारीक पट्टी असते ना हिरडीला जोडलेली, ती फाटली होती. या वयात हे इतकं कॉमन आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! ती जागाच अशी की रक्त भळाभळा येतं आणि बहुतेक वेळा टाके न घालता आपोआप भरून येते. स्वच्छ ओल्या फडक्याने बाहेरून ओठ दाताशी दाबून धरायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "बघू बघू" करत ओठ वर करायचा नाही, कारण उचलला की परत रक्त सुरू. हे पाळणं फार अवघड गेलं कारण त्या संध्याकाळी भेटायला आलेल्या प्रत्येकाला बघायचंच होतं.

पडल्यावर सासूबाईंची ठरलेली पद्धत, "अगोबाई, मुंगी मेली बघ!" ही मला आवडते, पोरगी लगेच मुंगी शोधायला लागते. "हात रे फरशी" म्हणत फरशीला फटके मारायची पद्धत मात्र मला पटत नाही, फरशीचं काय चुकलं? पण उशीर झालाय, आता ठकी पडली की आधी स्वतःच फरशीला दोन चापट्या देते, मग आमच्याकडे बघते आणि मग ठरवते रडायचं की नाही. ते मधले दोन सेकंद आपण तोंड सरळ ठेवायचं असतं. मला जमतं, बाबांना म्हणजे सासऱ्यांना अजिबात जमत नाही, ते असे "आई गं" ओरडतात की न लागलेलं मूलसुद्धा रडेल.

घरात खरंच बदलण्यासारखं म्हणाल तर पाय. अंगाला लावायला मावशी येतात, तळपायाला पण तेल चोळतात, आणि मग तेच तेलकट पाय व्हिट्रिफाइड फरशीवर. आंघोळीनंतर तळवे कोरडे पुसून अनवाणी सोडली की घसरणं निम्म्यावर आलं. मोजे तर घरात नकोच. कॉर्नर गार्ड लावले होते, तिने सोलून खाल्ले, म्हणजे खायच्या आत काढून घेतले. शेवटी टीपॉयच गॅलरीत गेला. आणि एक गोष्ट मी टेंगळापेक्षा शंभरपट सीरियसली घेते, बादली. धरून उभं राहणाऱ्या मुलाला बादलीची कड एकदम सोयीच्या उंचीची लागते, वाकलं की जड डोकं आत आणि पाय वर, स्वतःहून बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. नळाला पाणी सकाळीच येतं म्हणून आपण भरून ठेवतो ना, तर बाथरूमला बाहेरून वरची कडी, दिवसभर. पाहुणे आले तरी.

डोक्याच्या मागे बांधायची ती मधमाशीची उशी पण एकाने गिफ्ट दिली. दिसते गोड, पण पुण्याच्या मे महिन्यात पाठीवर कापसाची उशी बांधून कोण फिरेल, आणि ती समोरून आपटते तेव्हा उशी मागे मजेत. फोटोपुरती वापरली. वॉकरला मात्र मी चक्क नाही म्हणाले, मोठ्या जावेला राग आला तरी. बसायचा चाकाचा वॉकर हो. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातलीये, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षं तेच मागतायत, कारण मूल त्यात एवढ्या वेगाने जातं की आपण धावेपर्यंत जिन्यावरून खाली. आणि चालायला लवकर शिकतात म्हणावं तर तसंही नाही. घाई कशाला पण? डब्ल्यूएचओने २००६ मध्ये पाच देशांतल्या मुलांवरून, त्यात दिल्लीची मुलंही होती, जे अंदाज दिले त्यात आधाराशिवाय उभं राहणं ६.९ ते १६.९ महिन्यांच्या मधे कधीही आणि एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या मधे. एवढी मोठी रेंज आहे! शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला म्हणून आपली मागे पडली असं होत नाही. सतरा-अठरा महिने झाले आणि अजून चालतच नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

वॉकर नाही म्हटल्यावर बाबा गावच्या यात्रेतून लाकडी पांगुळगाडा घेऊन आले. हा मला मान्य, यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं, दमलं की खाली बसतं. पण गावच्या सारवलेल्या अंगणात बरोबर चालणारा गाडा आमच्या गुळगुळीत फरशीवर असा सुसाट सुटला की गाडा पुढे आणि ठकी आडवी, तोंडावर. बाबांनी काही न बोलता जुनी सायकलची ट्यूब आणली, कात्रीने पट्ट्या कापल्या, तिन्ही चाकांना गुंडाळून बारीक चुका ठोकल्या आणि पुढच्या दांडीला सुतळीने दोन किलो तांदळाची पिशवी बांधली. आता गाडा बैलगाडीच्याच स्पीडने जातो, ठकी मागून लुटुलुटु, भिंत आली की थांबते आणि वळवता येत नाही म्हणून हाका मारते. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप आलाय, दुपारी दोन ते चार गाडा बंद ठेवा.