पाणवठ्यावरचे सौर कारंजे : फेब्रुवारी ते जून

पार्ल्याला आमच्या इमारतीच्या मागे, तळमजल्याच्या खिडक्या आणि कुंपणाची भिंत यांच्या मध्ये, साधारण चार मीटर रुंदीची मातीची पट्टी आहे. तीत एक आंबा, एक कढीपत्ता, जास्वंदीची रांग आणि कर्दळीचा ताटवा आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी तिथे मातीच्या परातीत पक्ष्यांसाठी रोज पाणी भरून ठेवत असे. यंदा फेब्रुवारीत त्या परातीत सौरऊर्जेवर चालणारे कारंजे बसवण्याचे काम हाती घेतले, आणि आज, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ते तिसऱ्या रूपात चालू आहे. पहिल्या दोन रूपांत काय चुकले आणि का चुकले, हे येथे सविस्तर लिहिते आहे, कारण असेच काम करू पाहणाऱ्यांना त्याचाच अधिक उपयोग होईल.

फेब्रुवारी

लॅमिंग्टन रोडवरून ६ व्होल्टवर चालणारा बोटभर लांबीचा पंप आणि ३ वॅटचे पॅनेल आणले, दोन्ही थेट एकमेकांना जोडले आणि पंप परातीच्या मध्यावर दगडांखाली दडवला. चांगले ऊन असले की पाण्याची धार जवळजवळ ३० सेंटिमीटर वर जात असे. उंच धार हेच तेव्हा माझ्या दृष्टीने यशाचे माप होते, त्यामुळे पहिले काही दिवस मला फार समाधान वाटले.

अडचणी मात्र लगेच दिसू लागल्या. परातीची त्रिज्या जेमतेम २२ सेंटिमीटर. दुपारी समुद्राकडचा वारा सुरू झाला की वर गेलेले पाणी परातीत न पडता बाजूच्या मातीत पडे, आणि दोन-तीन तासांत परात रिकामी होऊन पंप कोरडा फिरू लागे. दुसरी अडचण कावळ्यांची होती. मुंबईचे कावळे वाळलेली पोळी, पाव, कधी हाडेसुद्धा पाण्यात भिजवून मऊ करून खातात. पोळीचा लगदा पंपाच्या तोंडाशी जाऊन बसे आणि मला तो दिवसातून दोनदा काढावा लागे.

१९व्या दिवशी पंप बंद पडला. उघडून पाहिला तेव्हा मोटरचे ब्रश झिजून संपलेले होते, आणि दांड्याच्या बाजूने शिरलेल्या पाण्यामुळे आतले तांबे हिरवे पडले होते. अशा मोटरमध्ये वीज फिरत्या भागापर्यंत ब्रशमधून पोहोचते; ब्रश घासला जातो आणि म्हणून झिजतो. थोडा वेळ चालवण्याच्या कामाला तो पंप ठीक आहे, दिवसाला सात-आठ तास चालवण्याला नाही. त्यानंतर घेतलेला पंप ब्रशलेस आहे. त्याच्यात फिरणारा भाग म्हणजे केवळ चुंबक आणि त्याचा पंखा. तारेची गुंडाळी आणि इलेक्ट्रॉनिक्स इपॉक्सीत (कडक होणाऱ्या राळेत) पूर्ण बंद असतात, त्यामुळे चुंबकाभोवती पाणी खेळले तरी काही बिघडत नाही. किंमत तिप्पट पडली, पण आज तीन महिने तो एकदाही अडलेला नाही.

मार्च

रचना मुळापासून बदलली. पंप परातीतून काढून शेजारी जास्वंदीच्या सावलीत ठेवलेल्या २० लिटरच्या झाकणाच्या बादलीत नेला. परात दोन उपड्या कुंड्यांवर, जमिनीपासून सुमारे ७० सेंटिमीटरवर बसवली. बादलीतून वर येणारी नळी परातीच्या मध्यावर उघडते, आणि परातीत उभी केलेली दुसरी नळी जादा पाणी पुन्हा बादलीत सोडते. ही ओव्हरफ्लोची नळी परातीच्या तळापासून ४ सेंटिमीटर उंच ठेवली आहे. पाणी कितीही उडाले, तरी पंप चालू आहे तोवर परातीतली पातळी तेवढीच राहते. घट होते ती बादलीत, आणि तिथे ती मोजताही येते.

परात धारावीच्या कुंभारवाड्यातून आणली, ४४ सेंटिमीटर व्यासाची आणि जाड बुडाची. भाजलेल्या मातीला भोक पाडणे हे या सगळ्या कामातले सर्वांत नाजूक काम ठरले. पहिली परात मी कोरडीच ड्रिलखाली धरली आणि ती मधोमध तडकली. दुसरी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, बुडाखाली लाकडी ठोकळा घेतला, ड्रिलचा ठोके देणारा खटका बंद केला आणि टाइलला वापरतात ते हिऱ्याच्या धारेचे बिट अगदी हळू वेगाने, वरून पाण्याची बारीक धार सोडत चालवले. एका भोकाला जवळजवळ २० मिनिटे लागली, पण कड स्वच्छ निघाली. भोकांत टँक निपल (नळी जोडण्याची आटे असलेली तोटी) बसवून दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावले आणि ते २४ तास वाळू दिल्यावरच पाणी भरले.

परात आतून रंगवू नये किंवा तिला चकाकी आणणारे काही लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पक्ष्याला पाय रोवायला खरखरीत पृष्ठभाग लागतो, आणि न रंगवलेली माती थोडी पाझरत राहिल्याने पाणी माठातल्यासारखे गार राहते. त्याची किंमत म्हणून पाणी जास्त जाते. एप्रिलमध्ये बादली रोज २ ते अडीच लिटरने उतरत होती. दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी एवढ्या पृष्ठभागावरून लिटरभरच पाणी उडते. उरलेले परातीतून पाझरते आणि पक्षी पंख झाडताना उडवतात.

एप्रिल

नवा पंप १२ व्होल्टचा, ताशी २४० लिटर पाणी देणारा आणि ३ मीटरपर्यंत पाणी चढवू शकणारा आहे. त्याच्यासाठी १० वॅटचे पॅनेल घेतले. पॅनेलवर १२ व्होल्ट लिहिलेले असले तरी उन्हात त्याचा कामाचा विजेचा दाब १७ ते १८ व्होल्ट असतो आणि काहीच न जोडता मोजला तर २१च्या वर जातो, म्हणून पंप थेट न जोडता मध्ये बक कन्व्हर्टर (विजेचा दाब उतरवणारे छोटे सर्किट) घालून दाब १२वर आणला.

पॅनेलची जागा ठरवण्यासाठी मी तीन दिवस दर तासाला सावलीची रेघ खडूने भिंतीवर ओढली. या पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागे एक साखळीसारखे जोडलेले असतात, त्यामुळे आंब्याच्या डहाळीची सावली एका सेलवर पूर्ण पडली तरी सगळ्या साखळीचा प्रवाह खाली येतो. कावळ्याची एक मोठी विष्ठासुद्धा तेच करते. मुंबईचे अक्षांश १९ अंश, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे १९ अंशांनी कलते ठेवले आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला जातो, पण त्या काळातही या कलामुळे दुपारी होणारी घट ८ टक्क्यांच्या आसपासच राहते, आणि कलत्या काचेवर धूळ व घाण कमी साचते, हा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो.

सगळे नीट बसले, धार २५ सेंटिमीटर उंच जाऊ लागली, आणि तरीही पक्षी येईनात. मी खिडकीशी बसून दहा दिवस नोंदी केल्या. कावळे आणि साळुंक्या काठावरून पाणी पिऊन जात. बुलबुलाची जोडी रोज कढीपत्त्यावर येऊन बसे, मान वाकडी करून परातीकडे पाही आणि निघून जाई. पंप बंद असताना तीच जोडी खाली उतरत असे. तेव्हा माझ्या लक्षात आले की वरून सतत कोसळणारे पाणी त्यांना नको आहे. मग मी धारेचे तोंड काढून टाकले, नळीचे टोक सपाट दगडाच्या भोकात पाण्याच्या पातळीशी आणले आणि कन्व्हर्टरचा दाब हळूहळू उतरवत गेले. ९ व्होल्टला पाणी केवळ ३ सेंटिमीटर फुगून दगडावरून चहूकडे पसरू लागले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बुलबुल त्या दगडावर उभा राहिला.

तो प्रसंग मी अगदी दोन मीटरवरून पाहिला. आधी त्याने काठावरून दोनदा चोच बुडवून, मान वर करून पाणी घशाखाली उतरवले. मग दगडावर उडी मारून पोट पाण्याला टेकवले, शेपटीखालचा लाल ठिपका पाण्यात बुडेपर्यंत खाली बसला आणि दोन्ही पंख इतक्या वेगाने झाडले की माझ्या खिडकीच्या काचेवर थेंब आले. जोडीदार काठावर पहारा देत उभा होता. पहिला बाहेर येताच तो आत उतरला.

दाब उतरवण्याचा दुसरा लाभ मी अपेक्षिलेला नव्हता. १२ व्होल्टला पंप ४ वॅटहून थोडी जास्त वीज घेत असे, ९ व्होल्टला तो जेमतेम २ वॅट घेतो. पूर्वी पंप सुरू व्हायला साडेदहा वाजत आणि ढग आला की तो अडखळत असे. आता तो पावणेनऊलाच सुरू होतो, संध्याकाळी पाचपर्यंत चालतो आणि पातळ ढगांतही थांबत नाही.

खोलीही कमी केली. ४ सेंटिमीटर पाणी साळुंकीला योग्य आहे, चिमणीला नाही. एका बाजूने नदीतले गोटे उतरते रचून पाणी १ सेंटिमीटरपासून हळूहळू खोल होईल असे केले, आणि त्याच आठवड्यात चिमण्या आणि दयाळ येऊ लागले. मांजरांपासून बचाव म्हणून परात दाट झुडपापासून दोन मीटर दूर, पण कढीपत्त्याच्या फांदीच्या टप्प्यात ठेवली आहे, म्हणजे भिजलेल्या पक्ष्याला एका झेपेत वर जाता येते.

मे

शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) परातीत कधीच उतरला नाही. परंतु परातीचे शिंतोडे शेजारच्या कर्दळीच्या एका पानावर पडत, आणि त्या ओल्या पानावर तो अंग घासत, घसरत, पुन्हा वर चढत आंघोळ करताना दिसला. म्हणून पंपाच्या नळीला एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून, बारीक कॉक लावून, एक केसभर धार मुद्दाम त्या पानांवर सोडली आहे. आता चष्मेवालेही (डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले छोटे पक्षी) तिथे येतात.

सोसायटीच्या सचिवांनी या महिन्यात दोनदा येऊन पाहणी केली. "ताई, पाणी साठले की डास होणार, आणि कबुतरे आली की वरच्या मजल्यांवरून तक्रारी येणार," असे ते म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही मुद्दे रास्त होते. कबुतरांसाठी जवळपास दाणे न ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ती इतर पक्ष्यांसारखी मान वर करत नाहीत, तर चोच बुडवून सलग पाणी ओढतात. उथळ गोट्यांच्या बाजूला त्यांना ते नीट जमत नाही, आणि आतापर्यंत एखाददुसरेच कबुतर आले आहे.

डासांच्या बाबतीत मात्र हलत्या पाण्यावर विसंबून राहणे चूक आहे. पाणी हलत असले तर मादी सहसा अंडी घालत नाही, पण पंप रात्री आणि दाट ढगांत बंद असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवतो; ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून दर रविवारी परात आणि बादली दोन्ही रिकामी करून, आतल्या कडा काथ्याने घासून, उन्हात वाळवते. नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही, घासणे आवश्यक आहे. बादलीच्या झाकणाला आणि नळ्यांच्या भोकांना बारीक जाळी लावली आहे. महापालिका टाक्यांत सोडते तसे गप्पी मासे सोडावेत, असे एका काकूंनी सुचवले, पण २० लिटर पाणी मेच्या उन्हात फार तापते, म्हणून मी ते केले नाही.

जून

एक उणीव उरली होती. पक्ष्यांची खरी गर्दी सकाळी सहा ते आठ या वेळात असते आणि पंप पावणेनऊला सुरू होतो. बॅटरी बसवण्याचा विचार केला आणि सोडला, कारण खाऱ्या दमट हवेत तिचे टर्मिनल आणि चार्जर सांभाळणे हे वेगळेच काम होऊन बसते. त्याऐवजी परातीच्या वर १ मीटर उंचीवर, आंब्याच्या फांदीला ५ लिटरचा झाकणाचा डबा टांगला आहे. दुपारी पंप त्यात पाणी चढवतो, डबा भरला की जादा पाणी परातीत उतरते, आणि डब्याच्या बुडाला लावलेल्या नव्या सलाइन सेटमधून रात्रभर थेंब पडत राहतात. सेटची चकती सेकंदाला १ थेंब अशी लावली आहे. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते, म्हणजे तासाला १८० मिलिलिटर, आणि भरलेला डबा २७ तासांहून अधिक पुरतो. ५ किलो पाणी १ मीटर उंच ठेवण्यात केवळ ४९ ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे पंप २५ सेकंदांत खातो तेवढी. थेंबाथेंबाने वापरली की तीच पहाटेपर्यंत पुरते.

थेंबाचा आवाज खिडकीतून स्पष्ट ऐकू येतो आणि आज सकाळी सव्वासहाला दयाळ त्या आवाजाच्या दिशेने थेट परातीच्या काठावर उतरला. चकतीवर बारीक वाळू अडकून वेग हळूहळू कमी होतो आहे, म्हणून डब्याच्या तोटीला आतून स्पंजचा तुकडा लावून पुन्हा तीन रात्री मोजणार आहे.

पावसाने जोर धरला की हे सगळे उतरवायचे आहे. तेव्हा पक्ष्यांना पाणी कुठेही मिळते आणि भरलेली बादली ठेवणे योग्य नाही. पंपाचा चुंबक काढून पुसून ठेवीन, तारांच्या जोडांवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळीखाली व्हॅसलिन भरीन, परात उपडी घालीन. पॅनेल भिंतीवरच राहील. सलाइन सेटची मोजणी त्याआधी पूर्ण व्हायला हवी.