सात मजले

"अगं, राजवाडा सात मजली आहे. तू पाचच काढलेस!"

मंडळाच्या लेटरहेडसाठी इंदूरच्या राजवाड्याचा लोगो केला होता. वर्डमध्ये हेडरवर डबल क्लिक करून टाकला, की प्रत्येक पानावर आपोआप येतो. जेपीजीभोवती पांढरा चौकोन दिसत होता, तो पारदर्शक पीएनजी केल्यावर गेला. मी त्यातच खूश.

एवढ्याशा चित्रात मजले कोण मोजणार?

काकूंनी मोजले. चष्मा कपाळावर सारून, कागद डोळ्यांशी नेऊन, बोटाने एकेक. "खालचे तीन दगडी, वरचे लाकडी." १९८४ च्या आगीत तो जळताना त्यांनी पाहिलाय. इंदूरमध्ये जन्म गेला माझा, मी कधी मान वर करून मोजलेच नव्हते.

रात्री बसून दोन मजले वाढवले. प्रिंट आधी काकूंना दाखवणार.

तुम्ही मोजलेत कधी?