आई-वडील लग्नाला का आले नाहीत, या रकान्यात मी काय लिहिलं

कॅनडात राहणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला आपल्या जोडीदाराला स्पॉन्सर करायचं, म्हणजे कायमचं तिकडे बोलवायचं असेल, तर कागदांच्या गठ्ठ्यात आयएमएम ५५३२ नावाचा एक फॉर्म असतो. ओळख कुठे झाली, लग्नाचं कधी ठरलं, एकमेकांच्या घरच्यांना भेटलात का, लग्नाला कोण कोण होतं, असं सगळं त्यात विचारतात. आई-वडील आले नसतील तर का आले नाहीत, तेही सांगावं लागतं. बाकीचे कागद उशिरा का होईना, मिळतात. मला जड गेला तो हा एकच प्रश्न. घरच्यांनी ज्यांच्या लग्नाकडे पाठ फिरवली आहे अशा मुली इथेच अडखळतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातली, मराठा घरातली. नवरा नांदेडचा, बौद्ध. पुण्यात इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. पुढे तो शिकायला कॅनडात गेला, तिथेच नोकरी लागली, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला. मी पुण्यात नोकरी करत राहिले. घरी सांगितलं तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "गावात आम्ही मान वर करून चालायचं का नाही?" त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आई रडली, दादाने आधी समजावलं आणि मग दम दिला.

नवऱ्याच्या घरीही होकार नव्हता. सासूबाईंना माझ्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं, त्यांना मुलाच्या जिवाची काळजी होती. वरच्या जातीतल्या मुलींशी प्रेमसंबंधांच्या संशयावरून २०१३ मध्ये सोनईत आणि २०१४ मध्ये खर्ड्यात दलित मुलांचे खून झाले, हे त्यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. खर्ड्याच्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये सुटले, तेही. "पोरगी चांगली आहे, पण तिच्या घरचे तुला जगू देतील का?" असं त्या त्याला विचारायच्या. आमच्या घरचा नकार प्रतिष्ठेपायी होता आणि त्यांच्या घरचा भीतीपोटी. या दोन नकारांत केवढं अंतर आहे! फॉर्मवर मात्र दोन्हींना एकच रकाना.

लग्न आम्ही विशेष विवाह कायदा १९५४ खाली, पुण्यात केलं. या कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. शिवाय कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्यात जाते आणि तिथेही लागते. त्यामुळे एक प्रत साताऱ्याला गेली, एक नांदेडला. साताऱ्यात जमिनीच्या दस्तासाठी आलेल्या आमच्या भावकीतल्या एकाने ती वाचली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात बातमी झाली. हरकत घेण्याची कारणं कायद्यात ठरलेली आहेत: आधीचं लग्न, वय, मानसिक स्थिती, निषिद्ध नातं. जात किंवा आई-वडिलांची नाराजी हे कारण होऊ शकत नाही. प्रौढ मुलामुलीने लग्न ठरवल्यावर घरच्यांची, समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्पष्ट केलं आहे. तरीही ते तीस दिवस काढणं सोपं नसतं. मी ते मैत्रिणीच्या घरी काढले.

साक्षीदार तीन लागतात. नवऱ्याची ताई, माझी रूममेट आणि ऑफिसातला एक सहकारी आले. सासूबाई आदल्या रात्री बसने पुण्यात आल्या. सह्या झाल्यावर त्यांनी माझा हात धरला, तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही. माझ्या घरचं कोणीच नव्हतं.

फाइल कशी करायची म्हणून आम्ही एका कन्सल्टंटकडे गेलो. फोटो बघून तो म्हणाला, "मॅडम, इंडियन मॅरेज आहे. फाइलमध्ये हळद दिसली पाहिजे." छोटा हॉल घ्या, पन्नासेक माणसं बोलवा, मुंडावळ्या, वरमाला, सप्तपदी, सगळे फोटो काढा, मामा म्हणून कुणालाही उभं करा, अधिकाऱ्याला काय कळणार आहे! असे फोटो तो नेहमी करून देत असावा, कारण हॉलचा दरही त्याला माहीत होता. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिली तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. पण ती बंदी नसती तरी मी हे केलं नसतं. आप्पांच्या जागी भाड्याचा माणूस उभा करून काढलेला फोटो मी आयुष्यभर कुठे ठेवला असता?

अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर भारतीय लग्नाचं एक चित्र असतं. दोन्हीकडचे वडीलधारे, शेकडो पाहुणे, दोन-तीन दिवसांचे विधी. अर्ज तपासताना तो त्या चित्राशी ताडून बघतो. संशयाला कारणही आहे. पंजाबात आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पास झालेल्या मुलीशी पैसे मोजून कराराचं लग्न लावण्याचे प्रकार झाले आहेत, आणि अशा लग्नांचे फोटो बहुधा अगदी साग्रसंगीत असतात. नियम असा आहे की लग्न खरं नसेल, किंवा मुख्यतः कॅनडात जाण्यासाठी केलं असेल, तर ते नातं धरलं जात नाही. पण महाराष्ट्रात जात ओलांडून केलेलं लग्न बहुतेकदा आमच्यासारखंच होतं: एक सरकारी कार्यालय, तीन साक्षीदार, पाच-सात माणसं. हे त्या अधिकाऱ्याला आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार?

आता तो रकाना. एका मित्राने सुचवलं, "कौटुंबिक कारणांमुळे येऊ शकले नाहीत" एवढं लिहा. दुसरा म्हणाला, "वेगळा समाज" म्हणा, जातीचं नाव कशाला? नवऱ्याने ते साफ नाकारलं. म्हणाला, "माझ्या जातीचं नाव लिही. त्याच्यापायी एवढं सगळं झालं, आणि कागदावर तेच नको?" त्याचं बरोबर होतं. आम्ही लिहिलं की नवऱ्याचं कुटुंब पूर्वाश्रमीचं महार, आता बौद्ध आहे, या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानलं गेलं, माझं कुटुंब मराठा आहे आणि माझ्या आई-वडिलांचा विरोध केवळ जातीमुळे आहे. सासूबाई कशाला घाबरत होत्या आणि तरी लग्नाला कशा आल्या, तेही लिहिलं.

हे लिहिताना माझे हात थरथरले, खोटं कशाला सांगू. हजारो मैलांवरच्या एका अनोळखी माणसाला मी माझ्या वडिलांबद्दल सांगत होते, आणि तो माणूस त्यांना एवढ्या एका परिच्छेदावरून ओळखणार होता. कारखान्याचं उसाचं बिल आलं की आधी माझी फी भरणारे, मला पुण्याला ठेवू नका म्हणणाऱ्या चुलत्याशी भांडणारे तेही हेच आप्पा. म्हणून तेही मी त्या पत्रात घातलं. रकान्यात जागा पुरत नव्हती, वेगळं पान जोडलं. ते वाक्य अर्जाला लागत नव्हतं, मला लागत होतं. आणि आता वाटतं, अर्जालाही लागत होतं. ज्या बापाने मुलीला इतकं शिकवलं तो तिच्या लग्नाला का आला नाही, याचं उत्तर त्या वाक्याशिवाय कळत नाही.

आणखी एक फॉर्म असतो, आयएमएम ५४०६. त्यात आई-वडील, भावंडं, सगळ्यांची जन्मतारीख, पत्ता, काम भरायचं. आईची जन्मतारीख मला ठाऊक नव्हती. तिच्या पिढीतल्या पुष्कळ जणांसारखी तिचीही शाळेत १ जून लावली असणार, पण साल कोणतं? इस्लामपूरच्या मावशीला फोन केला. दोन दिवसांनी आधार कार्डाचा फोटो आला. पाठोपाठ मावशीचा फोन: "मी नाय गं काढला. तिनंच काढून पाठवला. कशाला पायजे ते इचारलं बी नाय." फॉर्म भरताना मी त्या रकान्याशी बराच वेळ थांबले.

पोलिसांचा दाखला काढताना पासपोर्टवरचा गावचा पत्ता आड येत होता. पोलीस चौकशीला गावच्या घरी जाऊन उभे राहावेत असं मला नको होतं, त्यामुळे आधी पुण्याच्या पत्त्यावर नवा पासपोर्ट करून घेतला. बोटांचे ठसे, मेडिकल, फी, याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नवऱ्याला बायकोसाठी ठरावीक किमान उत्पन्न दाखवावं लागत नाही, पण तीन वर्षं तिचा खर्च उचलण्याची हमी लिहून द्यावी लागते. बायकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावं असंही एक आहे. पूर्वी काही जोडप्यांना पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती एप्रिल २०१७ मध्ये काढून टाकली. नवऱ्याने "तुझा पीआर काढून घेईन" म्हणून धमकावलं तर ती धमकी पोकळ आहे.

एवढं सगळं लिहूनही मग एक पत्र आलंच. लग्नाला वधूकडचं कोणीच नाही, समारंभ अगदी लहान, त्यामुळे लग्नाच्या खरेपणाबद्दल शंका आहे, तुमचं म्हणणं ठराविक मुदतीत कळवा. नकार देण्याआधी बाजू मांडायची संधी देतात, त्याला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात. नकार आलाच तर स्पॉन्सर करणाऱ्याला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे तीस दिवसांत अपील करता येतं, पण तिथवर जाण्याची वेळ येऊ नये यासाठी आम्ही जीव लावून उत्तर तयार केलं.

प्रेम सिद्ध करण्याच्या भरीला आम्ही पडलो नाही. विरोध खरा आहे, तो लग्नाच्या आधीपासूनचा आहे आणि तो पत्करून आम्ही एकत्र आहोत, एवढं कागदोपत्री दाखवलं. तिन्ही जिल्ह्यांतल्या नोटिशीच्या प्रती लावल्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचे फोटो, तो भारतात आला त्या प्रत्येक वेळची तिकिटं, मी नोटिशीच्या काळात ऑफिसातून घेतलेली रजा, विम्यात एकमेकांची नावं, साक्षीदारांची पत्रं. २०१८ च्या निकालातला संबंधित भाग.

दादाच्या मेसेजवरून आमच्यात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, धमकीचे मेसेज सगळे लाव, याहून पक्का पुरावा कुठला. मी त्यातले दोनच लावले, "आमच्यासाठी तू मेलीस" अशा अर्थाचे. उरलेले दुसऱ्या देशाच्या सरकारी फाइलीत कायमचे पडून राहावेत असं मला वाटलं नाही. दादा रागाने बोलला होता, हात उगारायला कधी आला नाही, हे मला माहीत होतं. तुमच्या बाबतीत जीवाला खरा धोका असेल, तर मात्र व्हिसाच्या फाइलीची वाट न बघता ते मेसेज आधी पोलिसांकडे न्या. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत, असं त्याच २०१८ च्या निकालात सांगितलेलं आहे.

सगळ्यात मोलाचं ठरलं ते मावशीचं पत्र, असं मी मानते. तिने ते वहीच्या पानावर हाताने लिहिलं. "मी लग्नाला गेले नाही. मला जायचं होतं. माझ्या घरातून मला निघू दिलं नाही. माझी बहीण आणि दाजी जातीमुळे गेले नाहीत. पोरीने लपवून काही केलेलं नाही, तिने आधी घरी सांगितलं होतं." इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, त्यामुळे पुण्यात अधिकृत अनुवादकाकडून प्रतिज्ञापत्रासह करून घेतलं. आपलं नाव असं सरकारदरबारी गेलेलं आप्पांना कळलं तर काय होईल, हे मावशीला पुरतं ठाऊक होतं. तिने तरी खाली सही केली आणि फोन नंबरही लिहिला.

काही महिन्यांनी पासपोर्ट मागवल्याचा ईमेल आला, म्हणजे अर्ज मंजूर झाला. आता मी मिसिसागात आहे, नोकरी लागली आहे. आई मावशीच्या घरी गेली की तिच्या फोनवरून बोलते. थंडी किती, भाकरीचं पीठ मिळतं का, एवढंच. आप्पा बोलत नाहीत. सासूबाई नांदेडहून रोज फोन करतात आणि माझ्याशी आधी बोलतात.

गेल्या महिन्यात ओळखीतून बीड जिल्ह्यातल्या एका मुलीचा फोन आला. तिचंही असंच लग्न, हाच फॉर्म. तिने तिच्या पत्राचा मसुदा मला पाठवला आहे. भेटीगाठी, तिकिटं, फोटो, सगळं नीट लिहिलंय. वडिलांबद्दल एक ओळही नाही. मी तिला विचारलं आहे की त्यांनी तुला काय काय शिकवलं, कुठवर साथ दिली आणि कुठे थांबले. ते लिहून पाठव, मग उरलेलं आपण बघू.