समुद्रावरचा समन्वय

आज मुंबईतल्या बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीकडे जाणं झालं, किनाऱ्याला बोटी लागलेल्या आणि प्रत्येकीच्या अंगावर आयएनडी-एमएच करून नोंदणीचा मोठ्ठा नंबर रंगवलेला, एक मावशी जाळं सोडवत बसलेल्या. २००८ला २६/११चे ते दहा दहशतवादी 'कुबेर' ट्रॉलर पळवून, पुढे रबरी बोटीतून इथेच तर उतरले होते ना. त्यावरून एक नाव डोक्यात आलं, व्हाइस अ‍ॅडमिरल जी. अशोक कुमार. १९८२ला नेव्हीत आले, 'रणवीर' युद्धनौकेचे कॅप्टन होते, मग खडकवासल्याला एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कमांडंट, शेवटी नौदलाचे उपप्रमुख. जुलै २०२१ला रिटायर झाले आणि फेब्रुवारी २०२२मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक! नेव्ही, कोस्ट गार्ड, राज्यांचे सागरी पोलीस, कस्टम्स, बंदरं, मत्स्यखातं, सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसवायचा, थेट राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या हाताखाली. कारगिलनंतरच अशी काहीतरी यंत्रणा हवी म्हणून चर्चा होती, प्रत्यक्षात यायला इतकी वर्षं गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. पण माणूस योग्य निवडला असं मनापासून वाटतं, ज्याने स्वतः जहाज चालवलंय त्यालाच कळणार की रात्री रडारवर शेकडो छोट्या बोटी दिसत असताना नेमकी कुठली तपासायची.