दुसरी लेन्स कोणती? टेपने मोजून घेतलेला निर्णय

पहिला आठवडा

कॅमेऱ्याला वर्ष झालं. २४ मेगापिक्सेलची, ई माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती जागा) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, बॉडी आणि तिच्यावर १८-५५ मि.मी. ची, कॅमेऱ्यासोबतच आलेली किट लेन्स, एवढ्यावर वर्ष काढलं. आता दुसरी लेन्स घ्यायची आहे. एकच घ्यायची आहे, म्हणून घाई नाही.

ज्याला विचारावं तो सांगतो, "५० एफ १.८ घेऊन टाक, डोळे मिटून." सांगणारे मनापासून सांगतात. पण त्यांनी माझे फोटो पाहिलेले नाहीत, आणि मी जिथे उभी राहून फोटो काढते ती खोलीही पाहिलेली नाही. म्हणून आधी माझ्याच फोटोंना विचारायचं ठरवलं. प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ माहिती, म्हणजे फोटो कसा काढला त्याची नोंद असते: फोकल लेंथ (मि.मी. मध्ये; आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ), ॲपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा लहान तर छिद्र मोठं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (उजेड किती वाढवून घेतला; जास्त तर फोटोत दाणे). फोटो लावायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथनुसार गाळणी लावता येते.

वर्षभराचे सगळे फोटो एकत्र पाहिले तर दोन टोकांना दोन ढीग दिसले, १८ वर आणि ५५ वर. मधे सगळं विरळ. म्हणजे एक वाइड (रुंद दृश्याची) आणि एक टेली (लांबचं जवळ आणणारी) हवी, असं वाटून मी जवळजवळ तिथेच थांबले होते. मग गाळणी बदलली. जे फोटो मी कुणाला तरी आवर्जून दाखवले किंवा छापून घेतले, तेवढेच ठेवले. असे १८६ निघाले, आणि चित्र पार पालटलं. १८ चा ढीग विरघळून गेला. ५५ चा निम्म्यावर आला. १८६ पैकी ८१ फोटो २८ ते ४० मि.मी. मधले होते.

यावर दोन दिवस विचार केला. कॅमेरा पिशवीतून काढला की लेन्स १८ वरच असते. जिथे उभी आहे तिथूनच, झूमला हात न लावता काढलेले फोटो म्हणजे तो ढीग. त्यात निवडलेलं काही नव्हतं. ५५ वरचे फोटो वेगळे. तिथे मला आणखी जवळ जायचं होतं आणि लेन्स संपली होती. त्यातले बरेचसे मी नंतर कापून लहान केले आहेत. ती गरज खरी आहे, पण ती पुढच्या खेपेची. मधल्या ८१ मध्ये मात्र मी झूम फिरवून, पुढेमागे होऊन, बघून फोटो काढला होता.

त्या ८१ पैकी बहुतेक घरातले आहेत. दुपारचा खिडकीतला उजेड, आणि खिडकीशी शिवणकाम करत बसलेली आजी. जवळपास सगळे आयएसओ ६४०० वर. केसांच्या कडा दाण्यांत हरवलेल्या.

दुसरा आठवडा

५० चा सल्ला बाजूला टाकण्याआधी तो पारखून पाहणं भाग होतं. मैत्रिणीकडे तिच्या बाबांची जुनी ५० मि.मी. एफ १.८ होती, फिल्मच्या काळातली, एम ४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसणाऱ्या जुन्या माउंटची. एक अडॅप्टर घेतला आणि ती माझ्या बॉडीवर बसवली.

हे का जमतं तेही सांगते, कारण जुन्या लेन्स पडून असलेल्यांना उपयोगी पडेल. एम ४२ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मि.मी. असतं, मधे आरसा हलायला जागा लागते म्हणून. ई माउंटमध्ये हेच अंतर १८ मि.मी. मधला साडेसत्तावीस मि.मी.चा फरक म्हणजे अडॅप्टर. आत काच नाही, नुसती पोकळ नळी. लांब अंतराची लेन्स आखूड अंतराच्या बॉडीवर अशी बसते. उलट करायला गेलात तर लांबच्या वस्तूंवर फोकस येत नाही. माझ्यासारखं कुणी पहिल्यांदाच करत असेल तर मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सुटू देण्याचा पर्याय आधी चालू करा. बॉडीला ही लेन्स ओळखू येत नाही, त्यामुळे तोवर शटर पडत नाही.

लेन्स फार आवडली. फोकसची रिंग जाड तेलातून फिरावी तशी संथ फिरते. अंक कोरलेले आहेत आणि आत रंग भरलेला आहे. चेहऱ्यांसाठी उत्तम. पण आजीच्या खोलीत गेले, पाठ भिंतीला टेकली, आणि चौकटीत आजी होती, खिडकी नव्हती. खिडकीशिवाय तो फोटोच नाही. उजेड कुठून येतोय ते दिसलं पाहिजे, तिच्या मांडीवरचं कापड खाली लोंबतंय ते दिसलं पाहिजे.

इथे ५० च्या सल्ल्याचं मूळही सापडलं. १९२५ मध्ये लायका हा कॅमेरा बाजारात आला तो ५० मि.मी. लेन्ससह, आणि त्याची चौकट ३६ × २४ मि.मी. होती. त्या चौकटीचा कर्ण ४३.३ मि.मी. भरतो. फोकल लेंथ कर्णाच्या जवळपास असली की दृश्य डोळ्याला सहज वाटतं, म्हणून ५० ही 'नॉर्मल'. माझा सेन्सर (फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग) २३.५ × १५.६ मि.मी.चा, कर्ण साधारण २८. म्हणजे माझ्या बॉडीवर नॉर्मल म्हणायची ती २८ ते ३५. क्रॉप फॅक्टर, म्हणजे दोन्ही चौकटींच्या आकारांचं प्रमाण, १.५ धरला तर ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या (३६ × २४ च्या चौकटीवरच्या) ७५ इतकंच दृश्य दाखवते. सल्ला चुकीचा नाही, तो दुसऱ्या आकाराच्या चौकटीसाठी तयार झालेला आहे.

तिसरा आठवडा

मोजायची टेप घेऊन खोलीत गेले. आजीने विचारलं, "पडदे करायचेत का?"

एक साधा हिशेब आहे आणि तो लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. सेन्सरची रुंदी गुणिले विषयाचं अंतर, भागिले फोकल लेंथ, की चौकटीत किती रुंद जागा मावेल ते कळतं. समोरच्या भिंतीपासून आजीच्या खुर्चीपर्यंत अडीच मीटर. ५० ने २३.५ × २.५ ÷ ५०, म्हणजे जेमतेम १.१८ मीटर. ३५ ने १.६८ मीटर. खुर्ची आणि खिडकी मिळून मला दीड मीटर हवं होतं. २४ ने जवळजवळ अडीच मीटर येतं, म्हणजे शेजारचं कपाट आणि दाराची कडीही आत. मग जवळ सरकावं लागतं, आणि जवळ सरकलं की पुढची वस्तू मोठी आणि मागची लहान दिसू लागते. आजीचे गुडघे पुढे येतात, चेहरा मागे जातो.

हा बदल लेन्समुळे होतो असं बरेच जण म्हणतात. तो अंतरामुळे होतो. एकाच जागेवरून २४ आणि ५० ने फोटो काढा, २४ चा मधला भाग ५० एवढा कापा. नाक, कान, मागची खिडकी यांची प्रमाणं तंतोतंत तीच निघतील. म्हणजे आधी उभं राहायची जागा ठरते, तिथून फोकल लेंथ ठरते. मी वर्षभर हे उलट्या टोकाने करत होते.

चौथा आणि पाचवा आठवडा

कागदावर ३५ आलं, तरी हाताला पटायला हवं. किट लेन्सची रिंग ३५ च्या खुणेवर आणली आणि वर चिकटपट्टी लावली. (ज्यांच्या किट लेन्सला मोटरवरचा झूम आहे त्यांना हे करता येणार नाही, त्यांनी फोटो काढताना पडद्यावरचा आकडा पाहत राहावं.) दोन आठवडे पट्टी काढायची नाही असा नेम केला.

पहिले तीन दिवस हात आपोआप रिंगकडे जात होता. चौथ्या दिवसापासून एक गोष्ट घडू लागली: कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट कुठे संपेल ते कळायचं. दारातून आत पाऊल टाकताना मी योग्य जागी थांबायचे. बाहेर मात्र दोनदा हळहळले, दोन्ही वेळा समोर पक्षी होता. ते ३५ च्या आवाक्यातलं कामच नाही.

याच काळात एफ १.८ खरंच लागतं का, तेही तपासलं. किट लेन्सचं ॲपर्चर ३५ वर एफ ४.५ पर्यंतच उघडतं. ४.५ भागिले १.८ म्हणजे अडीच, त्याचा वर्ग सव्वासहा. सव्वासहा पट उजेड. जिथे आज आयएसओ ६४०० लागतो तिथे १००० पुरेल. किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे आणि ते चांगलं चालतं, पण ते माझा हात स्थिर करतं, आजीचा नाही. टाका घालताना तिचा हात सतत हलतो. त्यासाठी १/१२५ तरी शटर हवं, आणि ते उजेडातूनच मिळतं. त्यामुळे स्टॅबिलायझेशन असलेली एफ ४ ची लेन्स की नसलेली एफ १.८ ची, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

एफ १.४ चा मोह झाला होता. आणखी दोन तृतीयांश स्टॉपसाठी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वजन आणि आकार बराच वाढतो. सोडून दिला.

सातवा आठवडा

३५ एफ १.८ ची वापरलेली लेन्स पाहिली. विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की ती एकदा हातातून पडली होती, काचेला काही झालेलं नाही. काच खरंच स्वच्छ होती. मागून टॉर्च मारून पाहिली. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसणारी बुरशी नाही, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नाही. मधला भाग धारदार.

पण घ्यायच्या आधी कोपरे तपासायला मी एक दिवस मागून घेतला होता, आणि तो दिवस कामी आला. लांबच्या एका इमारतीची जाळीदार गच्ची निवडली. कॅमेरा ट्रायपॉडवर. ती जाळी आधी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात आणली, फोकस तिथेच केला, एफ १.८ वर फोटो. मग उजवा वरचा, मग खालचे दोन्ही. तीन कोपऱ्यांत जाळीची प्रत्येक सळी मोजता येत होती. उजव्या वरच्या कोपऱ्यात सळ्या एकीकडे फिसकटल्यासारख्या, ओल्या शाईवर बोट फिरवावं तशा. वाऱ्याने किंवा फोकसने झालं असेल म्हणून कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढलं. धूसरपणा फाइलच्या त्याच कोपऱ्यात राहिला. दृश्य फिरलं, दोष फिरला नाही. आतलं एखादं भिंग मध्यावरून सरकलेलं.

एक सावधगिरी: हेच मी एफ ८ वर तपासलं असतं तर चारही कोपरे जवळजवळ सारखे दिसले असते. ॲपर्चर मिटत गेलं की असे दोष झाकले जातात. वापरलेली लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवरच तपासा, आणि फोकस प्रत्येक कोपऱ्यात नव्याने करा. मधे फोकस करून कोपरे पाहिले तर फील्डच्या वक्रतेमुळे (फोकस सपाट नसतो, कडांकडे किंचित पुढेमागे सरकतो) चांगली लेन्सही नापास होते.

ती परत केली. पुढच्या आठवड्यात दुसरी मिळाली, चारही कोपरे सारखे. तीच घेतली. ५० परत देताना मैत्रिणीला सांगितलं की ही तुझ्या बाबांची लेन्स वापरात ठेव, कपाटात अंधारात ठेवू नकोस. बुरशीला तेच हवं असतं.

नववा आठवडा

पहिल्या दिवशी सगळं एफ १.८ वर काढलं आणि बरंच वाया गेलं. आजी सुईत दोरा ओवत होती, मी समोरून. सुई तिच्या चेहऱ्यापासून वीतभर पुढे. पाऊण मीटरवरून एफ १.८ ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे जेवढं धारदार दिसतं ती पट्टी, सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास येते. नेढं धारदार आलं तर डोळे विरघळलेले, डोळे आले तर सुई नाहीशी. ॲपर्चर मिटवून हे सुटणार नव्हतं. वीतभर खोली मिळेपर्यंत उजेड संपला असता.

मग जागा बदलली. आजीच्या बाजूला गेले, अशी की तिचे डोळे आणि सुई कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आले. चेहरा आणि हात मिळून अर्धा मीटर रुंदी लागत होती, ३५ ने ती पाऊण मीटरवरून नेमकी बसते. हाताच्या थरथरीला थोडी सवड हवी म्हणून एफ २.८ केलं, आयएसओ २५००, १/१२५. पाच सेंटिमीटरची पट्टी मिळाली. दोरा ओला करून तिने टोक चिमटीत धरलं, डोळे बारीक केले, आणि श्वास रोखला. मीही रोखला.

चौदा फोटोंपैकी तीन लागले. एकात दोऱ्याचं टोक नेढ्याच्या अलीकडे केसभर थांबलं आहे, सुटलेले दोन तंतू खिडकीच्या उजेडात वेगळे दिसतात, आणि मागे तिची पापणी स्वच्छ. तोच छापायला दिला आहे.

५५ च्या पलीकडची यादी तशीच आहे. पक्षी किती मीटरवर बसतात ते आता टेपने मोजायला घेतलं आहे.